वेप, नेकबँड, पॉवर बँक: छोट्या गॅजेटची बॅटरी सुरक्षित कशी चार्ज करायची?

‘फोनचा ६५ वॉटचा चार्जर नेकबँडला लावला तर नेकबँड जळेल का?’ हा प्रश्न मित्रांकडून बऱ्याचदा येतो. ट्रिमर, इअरबड्स, खिशात बसणारा पंखा, पॉवर बँक, वेप अशा सगळ्यांबद्दल हीच शंका असते. सगळेजण चार्जरच्या वॉटकडे बघतात. पण आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या गॅजेटचं चार्जिंग सर्किट नेमकं कुठे आहे? याचं उत्तर कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

भिंतीतला ‘चार्जर’ खरं तर चार्जर नाही

आपण ज्याला चार्जर म्हणतो, तो फक्त वीजपुरवठा करणारा ॲडॅप्टर आहे. साधा यूएसबी ॲडॅप्टर ५ व्होल्ट देतो. फास्ट चार्जिंगचा ॲडॅप्टर ९, १५ किंवा २० व्होल्टही देऊ शकतो, पण समोरच्या उपकरणाने तशी मागणी केली तरच. नेकबँड अशी मागणी करत नाही, म्हणून त्याला ५ व्होल्टच मिळतात. करंटचंही तसंच. ॲडॅप्टर करंट ढकलत नाही, उपकरण लागेल तेवढा ओढतं. म्हणजे चांगल्या प्रतीच्या ६५ वॉटच्या ॲडॅप्टरने नेकबँड जळत नाही.

मग बॅटरी किती भरायची हे कोण ठरवतं? गॅजेटच्या आतलं छोटं चार्जिंग सर्किट. नेहमीच्या लिथियम-आयन सेलला आधी ठरावीक करंट द्यायचा, व्होल्टेज ४.२ वर पोचलं की तिथेच धरून ठेवायचं आणि करंट कमी होत होत अगदी थोडा उरला की बंद करायचं, हे त्याचं काम. ४.२ व्होल्टच्या वर भरत राहिलं तर सेलच्या आत धातुरूप लिथियम साचायला लागतं, उष्णता आणि वायू तयार होतो. आतला पातळ पडदा फाटला की दोन्ही टोकं आतल्या आत शॉर्ट होतात. इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील असल्यामुळे पुढची गोष्ट काही सेकंदांची असते.

कॉलेजमधली एक चूक

इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्टसाठी मी एका खेळण्यातल्या ड्रोनची साधारण ३०० एमएएचची बॅटरी ‘टीपी४०५६’ नावाच्या स्वस्त चार्जिंग मॉड्यूलला जोडली होती. ४.२ व्होल्टला हे मॉड्यूल बरोबर थांबतं, म्हणून मी निवांत होतो. पण बाजारात मिळणारं हे मॉड्यूल सहसा १ अँपिअरवर सेट केलेलं असतं. ३०० एमएएचच्या सेलला १ अँपिअर म्हणजे क्षमतेच्या तिपटीहून जास्त वेग. अशा साध्या सेलला क्षमतेच्या निम्मा करंट, म्हणजे १५० मिलिअँपिअर, पुरेसा असतो. दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली आणि पापडासारखी फुगली. वेळेवर हात लावून बघितला म्हणून प्रकरण तिथेच थांबलं.

तेव्हा कळलं की व्होल्टेज बरोबर असणं पुरेसं नाही, सर्किट त्या सेलसाठी जुळवलेलं असावं लागतं. चांगल्या कंपनीच्या गॅजेटमध्ये हे काम कोणीतरी केलेलं असतं. बिननावाच्या गॅजेटमध्ये केलंय की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

तीन प्रकार ओळखा

१. सर्किट गॅजेटच्या आत: यूएसबी पोर्ट असलेली बहुतेक उपकरणं. कोणताही प्रमाणित ५ व्होल्टचा ॲडॅप्टर चालतो. उपकरण स्वस्तातलं असेल तर ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना ॲडॅप्टर किंवा लॅपटॉपचा साधा यूएसबी पोर्ट वापरा. आतलं सर्किट बिघडलंच तर निदान बाहेरून जास्त करंट मिळणार नाही. काही स्वस्त गॅजेट दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. त्यांच्या पोर्टमध्ये एक छोटा रेझिस्टर वाचवलेला असतो. बनवणाऱ्याने कुठे कुठे पैसे वाचवलेत, याची ती खूण समजा.

२. सर्किट चार्जरच्या आत: काही पेनसारख्या वेपला आटे असतात आणि त्यावर छोटा यूएसबी चार्जर फिरवून बसवतात. इथे बॅटरी कुठे थांबवायची हे तो छोटा चार्जर ठरवतो. आटे जुळले म्हणून दुसऱ्याचा चार्जर लावणं धोक्याचं आहे. गोल पिनच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या जुन्या ट्रिमरलाही हाच नियम: पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही.

३. सुटा सेल: मोठ्या वेपमध्ये, टॉर्चमध्ये १८६५० नावाचे सेल असतात (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब). बऱ्याच सुट्या सेलमध्ये संरक्षण सर्किट नसतंच. ते त्यांच्यासाठीच्या चार्जरमध्ये, प्लस-मायनस बघून चार्ज करायचे. वरचं प्लास्टिक आवरण फाटलं असेल तर तो सेल बाद. खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर सुटा सेल कधीच ठेवायचा नाही.

वेपचा धोका वेगळा का?

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्यांमधून ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यातल्या ४८ चार्जिंग चालू असताना घडल्या आणि ६१ वेळा उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. फोनमधली बॅटरी चपटी पाकिटासारखी असते, बिघडली की फुगते. वेपमधला नळकांडी सेल धातूच्या डब्यात बंद असतो. आतला दाब वाढला की तो टोकाकडून फुटतो आणि नळीतून सुटलेल्या फटाक्यासारखा उडू शकतो. आणि ही वस्तू वापरताना तोंडाजवळ असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात या सगळ्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे इथे जे मिळतं ते चोरवाटेने. त्यामागे वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर नाही आणि बिघडलं तर तक्रार करायला कोणी नाही. निकोटिनच्या व्यसनाचा मुद्दा वेगळाच. पण फक्त बॅटरीपुरतं बोलायचं तरी, आत काय भरलंय हे कोणीच तपासलेलं नाही अशी वस्तू रात्रभर चार्जिंगला लावू नये. एकदाच वापरून फेकायच्या वेपमधला सेल काढून दुसरीकडे वापरण्याचे व्हिडिओ फिरतात, तेही करू नका.

रोजच्या सवयी

- चार्जिंग फरशीवर, ओट्यावर किंवा टेबलावर. गादीवर, उशीखाली, सोफ्यात नाही. तिथे उष्णता बाहेर जात नाही.
- हॉस्टेलमध्ये एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर सगळ्यांची गॅजेट लावून झोपू नका. बिननावाचं गॅजेट जागे असतानाच चार्ज करा.
- चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ० ते ४५ अंश. विदर्भातल्या मे महिन्यात नुसती हवाच ४५ पर्यंत जाते. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत तापलेलं गॅजेट आधी सावलीत थंड होऊ द्या.
- कोमट लागणं ठीक. हातात धरवत नसेल, गोडसर किंवा रसायनासारखा वास येत असेल, कव्हर उचललं गेलं असेल तर चार्जिंग कायमचं बंद.
- पाण्यात पडलेलं किंवा जोरात आपटलेलं गॅजेट ‘चालतंय ना’ म्हणून चार्जिंगला लावू नका.
- पॉवर बँक घेताना त्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर ती वस्तू घेऊ नका.

फुगली किंवा पेटली तर?

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, ‘हवा काढून’ बघू नका. चार्जरवरून काढा आणि जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब, शक्यतो धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात, उघड्यावर ठेवा. नंतर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं, ते याचसाठी. घरच्या कचऱ्यात टाकली तर घंटागाडीत दाबली जाऊन तिथे पेटू शकते, आणि ते हाताळणारा माणूस बेसावध असतो.

धूर येऊ लागला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. मग लांबून भरपूर पाणी ओता. अशा छोट्या बॅटरीला पाणी चालतं, कारण इथे खरी गरज थंड करण्याची असते. विझल्यावरही ती परत पेटू शकते, म्हणून लगेच हात लावू नका. धूर छातीत घेऊ नका. आग पसरत असेल तर सामान वाचवायला थांबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

आज घरी गेल्यावर एकच करा. ड्रॉवरमधली सगळी जुनी चार्जेबल गॅजेट बाहेर काढून टेबलावर सपाट ठेवा. एखादं डगडगत असेल, कव्हरची फट वाढलेली असेल, तर ते वर लिहिल्याप्रमाणे बाजूला काढा.