दुभाष्याचा वर्ग : जिनिव्हा, १९२७ ते १९४०

पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्गात काय शिकावे आणि वर्गाबाहेर काय, हा प्रश्न आपल्या मराठी विभागांत बहुधा शैक्षणिक सहलीचा प्रस्ताव लिहिताना निघतो. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना साहित्य संमेलनाला नेले आहे. परतीच्या गाडीत त्यांच्या वह्यांत स्वाक्षऱ्या पुष्कळ आणि टिपणे अगदी थोडी होती. असो. या प्रश्नाची एक मोठी, आणि काहीशी करुण, परीक्षा साहित्याच्या नव्हे तर आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्षेत्रात झाली. तिचे स्थळ जिनिव्हा आणि काळ दोन महायुद्धांच्या मधला.

विषय तेव्हा कोवळा होता. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन निर्माण झाले. ते जगातले पहिले मानले जाते. पुढच्याच वर्षी राष्ट्रसंघाने जिनिव्हा हे आपले ठाणे केले. आणि १९२७ साली त्याच शहरात एक लहानशी संस्था उघडली, केवळ आंतरराष्ट्रीय विषयांच्या पदव्युत्तर अध्ययनासाठी. पैसा बराचसा अमेरिकेतील रॉकफेलर घराण्याच्या निधीतून आला. अध्यापन फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होणार होते. संस्थेची मूळ कल्पना एवढीच की, ज्या विषयाचा अभ्यास करायचा तो विषय दाराशीच घडत असताना विद्यार्थ्याने तो दूरच्या विद्यापीठात बसून का शिकावा?

संस्थापक दोघे. त्यांपैकी पॉल मांतू हे फ्रेंच इतिहासकार, इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९०६ सालचा. पण त्यांच्या आयुष्यातला विलक्षण काळ १९१९ चा. पॅरिसच्या शांतता परिषदेत विल्सन, क्लेमांसो, लॉइड जॉर्ज आणि ओर्लांदो हे चौघे बंद खोलीत जगाची वाटणी करीत असताना मांतू तेथे दुभाषी होते. दुभाष्याला स्वतःचे मत नसते, असे आपण समजतो. पण भाषांतर करणाऱ्यालाच कळते की कोणता शब्द एका भाषेत वचन आहे आणि दुसऱ्या भाषेत केवळ सौजन्य. अशा माणसाने पुढे विद्यार्थ्यांना इतिहास शिकवावा, यापेक्षा चांगली नेमणूक मला सुचत नाही.

दुसरे संस्थापक विल्यम रापार. जन्म न्यूयॉर्कचा, नागरिकत्व स्विस, विषय अर्थशास्त्र. राष्ट्रसंघाच्या मँडेट विभागाचे ते पहिले संचालक आणि पुढे मँडेट आयोगाचे सदस्य. जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्याकडून काढून घेतलेले प्रदेश विजेत्या सत्तांकडे 'विश्वस्त' म्हणून सोपवले होते. त्यांच्या कारभाराची तपासणी हा आयोग करी. ही तपासणी कशी होती, ते पाहण्यासारखे आहे. आयोगाने त्या प्रदेशांत जाऊन चौकशी करायची नाही. सत्ताधाऱ्यांनीच पाठवलेले वार्षिक अहवाल वाचायचे. तेथील रहिवाशांना तक्रार करायची असेल तर अर्ज पाठवायचा तोही त्याच सत्तेच्या हातून, जिच्याविरुद्ध तक्रार आहे! अर्जदाराला आयोगापुढे उभे राहून बोलण्याची मुभा नव्हती. म्हणजे सारे काम वाचनाचे. जे लिहिलेले नाही ते वाचण्याचे. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये.

वर्गाबाहेरच्या संधी जिनिव्हात मुबलक होत्या. राष्ट्रसंघाच्या सभेच्या बैठका प्रेक्षकसज्जातून ऐकता येत. १९२७ सालीच धाकट्या रॉकफेलरने राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयासाठी वीस लाख डॉलर दिले. अन्य देशांतील विद्वान संस्थेत येऊन थोड्या दिवसांच्या व्याख्यानमाला देत. उन्हाळ्यात आल्फ्रेड झिमर्न यांची आंतरराष्ट्रीय अध्ययनाची शाळा भरे. झिमर्न मूळचे ग्रीक इतिहासाचे अभ्यासक, ॲबरिस्टविथच्या अध्यासनाचे पहिले मानकरी. नाना देशांचे विद्यार्थी काही आठवडे एकत्र राहिले, वाद घालू लागले, एकमेकांना ओळखू लागले की जगाचा कलह निवळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेला हसणे आज सोपे आहे.

हिंदुस्थानातून तेथे गेलेल्या विद्यार्थ्याला सज्जातून एक चमत्कारिक दृश्य दिसले असते. स्वराज्य नसलेला आपला देश राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता. पण त्याचे शिष्टमंडळ ब्रिटिश सरकार निवडी, आणि १९२९ पर्यंत त्याचा नेताही ब्रिटिशच असे. त्या वर्षी मुहम्मद हबीबुल्ला हे पहिले हिंदी नेते झाले. टिळकांनी १९१९ साली लंडनहून क्लेमांसोंना स्वयंनिर्णयाच्या मागणीचे निवेदन पाठवले होते. पॅरिसला जाण्याची वाट त्यांना बंदच राहिली. खोलीत क्लेमांसोंचा शब्द इंग्रजीत नेणारा दुभाषी होता, दाराबाहेर मात्र अशा निवेदनांना दुभाषी कोणी नव्हता.

नंतरची दहा वर्षे सज्जात बसणाऱ्यांसाठी कठीण होती. फेब्रुवारी १९३२ मध्ये निःशस्त्रीकरण परिषद सुरू झाली. ऑक्टोबर १९३३ मध्ये जर्मनी तिच्यातून आणि राष्ट्रसंघातूनही बाहेर पडला. जपान त्याआधीच, मांचुरियाच्या प्रश्नावर, सभागृह सोडून गेला होता. ३० जून १९३६ रोजी इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी स्वतः सभेपुढे उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून त्यांचे बोलणे बंद पाडण्याचा प्रयत्न केला. सम्राट अम्हारिक भाषेत बोलले. पुढच्याच महिन्यात इटलीवरील निर्बंध उठले.

मग या विद्यार्थ्यांना काय मिळाले? माझ्या मते, झिमर्न यांच्या शाळेची आणि रापार-मांतू यांच्या संस्थेची गल्लत येथे करू नये. शाळेने सहवास दिला, आणि तो काही क्षुल्लक नव्हे. पण सहवास हाच अभ्यास, असे ज्यांनी मानले त्यांच्या हाती १९३६ नंतर फारसे काही उरले नाही. १९३९ साली ई. एच. कार यांनी आपल्या ग्रंथात झिमर्न आणि त्यांच्या समविचारी विद्वानांच्या आशावादाची कठोर चिकित्सा केली, तीही ॲबरिस्टविथच्या त्याच अध्यासनावर बसून. ज्याने आदल्या रात्री अहवाल वाचला होता, त्याला मात्र सज्जातली शिट्टी वेगळी ऐकू आली असणार. पराभवसुद्धा वाचता यावा लागतो.

आणखी एक संधी या संस्थेच्या वाट्याला आली. ती कोणी योजलेली नव्हती. कायद्याचे तत्त्वज्ञ हान्स केल्सेन यांना १९३३ साली नाझी राजवटीने कोलोनच्या विद्यापीठातून काढले. ते जिनिव्हात आले आणि परक्या भाषेत शिकवू लागले. त्यांच्या विशुद्ध विधिसिद्धान्ताच्या पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना १९३४ साली याच शहरात लिहिली गेली. व्हिएन्नाचे अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस १९३४ साली आले. फॅसिस्ट इटलीला नकोसे झालेले इतिहासकार गुल्येल्मो फेरेरो आधीच आले होते. केल्सेन आणि मिझेस यांची मते परस्परांपासून बरीच दूर. पण दोघेही एकाच छोट्या संस्थेत, जवळपास त्याच विद्यार्थ्यांपुढे. युरोपात विद्यापीठे एकेक करून गप्प होत असताना येथे राज्यसंस्थेविषयी मोकळेपणी वाद घालता येत होता. त्याच शहरातला राष्ट्रसंघ खचत गेला, तसतसा वर्गच अधिक श्रीमंत होत गेला, हा या कथेतला उलटा न्याय.

१९३८ साली संस्था सरोवराकाठच्या 'व्हिला बार्टन'मध्ये गेली. १९४० साली फ्रान्स पडला. केल्सेन आणि मिझेस दोघेही त्याच वर्षी अमेरिकेला निघून गेले. मिझेस यांचा जर्मन भाषेतला मोठा ग्रंथ त्याच वर्षी जिनिव्हात छापला गेला होता. तो वाचायचा कोणी, हाच प्रश्न होता. रापार राहिले, संस्थाही राहिली. १९६१ साली घानाचा एक तरुण तेथे अर्थशास्त्र शिकायला आला; कोफी अन्नान हे त्याचे नाव.

मांतूंनी १९१९ च्या त्या खोलीत टिपणे काढून ठेवली होती. ती छापली गेली १९५५ साली, छत्तीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी ते वारले. त्याच १९५५ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' सुरू झाली, पुढे १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालेली. तेथेही ग्रंथालय आणि व्याख्यानाचे सभागृह एकाच छपराखाली होते.