आमच्या कुंपणांवरील औषधें

निरगुडीचा पाला उकळून दुखऱ्या सांध्यांस शेक द्यावा, खोकल्यावर अडुळशाचा काढा पाजावा, हें वसईच्या वाड्यांतील आमच्या आज्यांना कोणीं शाळेंत शिकविलें नव्हतें. परंतु ही घरगुती विद्या केवळ तोंडींच चालत आली असें कोणीं समजूं नये. तिचा कांहीं भाग साडेचारशेंहून अधिक वर्षांपूर्वीं छापून निघाला आहे.

इ. स. १५३४ त वसई पोर्तुगीजांकडे आली. त्याच वर्षीं गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. पुढें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्यानें वैद्यकी केली. वसईच्या अधिकाराखालील मुंबई बेटहि त्यास खंडानें मिळालें होतें. १५६३ त गोव्यांत छापलेल्या त्याच्या ग्रंथांत येथील औषधींविषयीं संवाद आहेत, आणि त्यांतील एक निरगुडीवर आहे. पटकीचें देशी नांव तो ‘मोरशी’ असें देतो. ती आमची मोडशीच होय. पोर्तुगीज जिभेनें तिची ‘मोर्देशी’ केली. या रोगांत येथील लोक मिरीं व जिरें घालून भाताची पेज पाजतात, हेंहि त्यानें टिपून ठेविलें आहे. (आजचें वैद्यकशास्त्रहि पटकींत तांदळाचें मीठ घातलेलें पाणी देतेंच.) ओर्ता सालामांकाच्या विद्यापीठांत शिकलेला, तथापि देशी वैद्यांकडून शिकण्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. मला त्याचा मोठेपणा यांतच दिसतो.

पुढील हकीकत महोत्सवाच्या पुस्तिकेंत कित्येकांस रुचणार नाहीं. पण ती गाळणें प्रामाणिकपणाचें नव्हे. ओर्ता हा ख्रिस्ती झालेल्या यहूदी घराण्यांतला. १५६८ त तो वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशननें जाळविलें, आणि १५८० त त्याचींहि हाडें उकरून जाळण्यांत आलीं. ग्रंथ मात्र वांचला. क्लूसियस या पंडितानें १५६७ त त्याचा लॅटिन संक्षेप आंटवर्प येथें छापून युरोपभर पोंचविला होता.

१७३९ त मराठ्यांनीं वसई घेतली, पोर्तुगीज गेले. निरगुडी राहिली, पेजहि राहिली. आतां वाड्यांचे तुकडे पडून इमारती उठत आहेत, आणि हिरव्या कुंपणांच्या जागीं पक्क्या भिंती येत आहेत. कोणता पाला, कोणत्या दुखण्यास, किती, हें आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळीनें याच वर्षीं लिहून घ्यावें. निरगुडी पानावरून ओळखणारीं माणसें अद्याप आहेत, पण तीं बहुधा साठीच्या पुढचीं.