बीन, हार्प्सिकॉर्ड आणि खानम जान

वेरूळच्या हिंदू लेण्यांत सप्तमातृकांच्या रांगेशेजारी वीणा धरलेला शिव दिसतो. लांब दांडीची, अंगाला तिरकी टेकवलेली वीणा. बहुतेक लोक कैलास पाहून दमलेले असतात, त्यामुळे तिथे फारसे कोणी थांबत नाही. टेकडी चढून वर गेले की खुलताबाद. तिथे हजरत बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. समावर त्यांचे इतके प्रेम की त्यांच्या मुरिदांच्या भावावस्थेतल्या नृत्याची वेगळी ओळखच पडली होती. आणि थोड्याच अंतरावर, उघड्या आकाशाखाली औरंगजेबाची कबर.

औरंगजेबाने संगीत गाडून टाकायला सांगितले, खोल गाडा म्हणजे आवाज वर यायचा नाही, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मुसलमान आणि संगीत हा विषय निघाला की ती हमखास पुढे केली जाते. करणाऱ्यांत आपलेही लोक असतात, काहींना तर तिचा अभिमान वाटतो. बादशाहने १६६८-६९च्या सुमारास स्वतः गाणे ऐकणे सोडले, हे खरे. पण त्याचाच सरदार फकीरुल्लाह याने १६६६ मध्ये ‘राग दर्पण’ हा फारसी ग्रंथ पुरा केला, आणि अशी ग्रंथरचना पुढेही चालू राहिली. कॅथरीन स्कोफील्ड या संशोधक बाईंनी या बंदीच्या कथेची कसून तपासणी केली आहे. सरसकट बंदी होती असे त्यांना दिसले नाही. याच औरंगजेबाने एका पत्रात वेरूळच्या लेण्यांना खऱ्या कारागिराची, म्हणजे अल्लाहची, अजब करणी म्हटले आहे, हेही सांगून ठेवतो.

स्कोफील्डबाईंच्या कामामुळेच मी एका वेगळ्या वाद्याकडे वळलो: हार्प्सिकॉर्ड. दिसायला पियानोचा सडपातळ भाऊ, पण कूळ वेगळे. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टीच्या दुसऱ्या टोकाला लाकडाची उभी काडी असते, तिच्यात पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याची नखी बसवलेली असते, आणि ती वर जाता जाता तार छेडते. प्रत्येक तारेला तिची स्वतःची मिजराब आहे असे समजा. म्हणून त्याचा आवाज मला पियानोपेक्षा सतारीला जवळचा वाटतो. बोट जोरात मारा की हळू, आवाज जवळपास तेवढाच राहतो. सूर लवकर विरतो, म्हणून वाजवणारा त्यावर झटपट अलंकार चढवतो.

पट्ट्यांची वाद्ये आपल्याकडे इंग्रजी राज्याच्या फार आधी आली. अकबराच्या दरबारी हाजी हबीबुल्लाह याने युरोपी ऑर्गन आणला. त्याचे वर्णन बदायुनीने केले आहे. बदायुनी म्हणजे अकबराच्या नव्या चालीरीतींवर सतत खवळलेला माणूस, पण या माणसाएवढ्या पेटीपुढे तोही थक्क झाला. १६१३च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी जहांगीरपुढे व्हर्जिनल, म्हणजे हार्प्सिकॉर्डचा छोटा प्रकार, वाजवून दाखवले. बादशाहला ते फारसे रुचले नाही, त्याला सोबतच्या रॉबर्ट ट्रलीचे कॉर्नेट आवडले. हा ट्रली पुढे दख्खनच्या सुलतानाच्या पदरी गेला आणि मुसलमान झाला.

खरी भेट झाली ती बनारसला, १७८०च्या दशकात. फ्रान्सिस फाउक या इंग्रजाने जीवन शाह नावाच्या बीनकाराला समोर बसवले, बीन हार्प्सिकॉर्डशी जुळवून घेतली आणि पडद्या-पडद्यावरचा सूर ताडून पाहिला. त्याचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात १७८८ मध्ये छापला गेला, सोबत जीवन शाहचे चित्रही. बीन म्हणजे दोन भोपळ्यांची दांडीची वीणा, वेरूळच्या त्या वीणेच्या गोतातली. ती तेव्हा मुसलमान उस्तादांच्या हातात होती, आणि त्या काळच्या कोणाला त्यात नवल वाटल्याचे दिसत नाही.

फाउकची बहीण मार्गारेट हिंदुस्थानी चिजा ऐकून हार्प्सिकॉर्डवर वाजवी. लखनौत सोफिया प्लाउडन हिने खानम जान या काश्मिरी गायिकेच्या चिजा लिहून घेतल्या. ते हस्तलिखित आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. मग १७८९ मध्ये विल्यम हॅमिल्टन बर्ड याने कलकत्त्यात ‘ओरिएंटल मिसलेनी’ छापले: रेख्ता, तराणा, टप्पा, रागिणी, सारे हार्प्सिकॉर्डसाठी बसवलेले. प्रस्तावनेत तो तक्रार करतो की या संगीतात काळाचा हिशेब फारच कच्चा, म्हणून ते तालात बसवताना फार कष्ट पडले. आपल्या तबलजींनी ही तक्रार जरूर वाचावी.

जेन चॅपमन यांनी हे संगीत अठराव्या शतकातल्या अस्सल कर्कमन हार्प्सिकॉर्डवर वाजवले असून ती ध्वनिमुद्रिका २०१५ मध्ये आली. जुनेच वाद्य का, असे कोणी विचारेल. पियानोवर या चिजा बैठकखान्यातल्या गोड गतींसारख्या होतात; छेडलेल्या तारेवर मात्र मूळ मैफलीचा कणखरपणा थोडा शिल्लक राहतो. तरी पहिल्यांदा ऐकताना निराशा होईल. मींड नाही, श्रुती नाहीत, डाव्या हाताला विलायती सुरावट लावून दिलेली. पण दोन-तीनदा ऐका. एखाद्या ठिकाणी सूर वळतो आणि खाली दबलेली ठुमकणारी चाल डोके वर काढते. ती बर्डची नव्हे. ती कोणा गाणारणीची आहे.

पट्टीवर मींड निघत नाही, हे भांडण पुढे आपल्या घरातल्या पेटीवरही झाले. आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमला दार बंद ठेवले. त्याआधी सांगलीचे कृ. बा. देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम करून पाहिली. त्या श्रुती तपासण्यासाठी गळा लागला, तो दिला अब्दुल करीम खाँसाहेबांनी. खाँसाहेब मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन आहेत, आणि त्यांचा आवाज तबकड्यांवर आहे. खानम जानच्या वाट्याला तबकडी आली नाही. प्लाउडनबाईचे हस्तलिखित आले, आणि हार्प्सिकॉर्ड.