एक शहर, अनेक केंद्रे : नाशिकची वाढ

१/६
नाशिकचा जुना गाभा गोदाकाठी आहे. रेल्वे स्थानक मात्र तेथून सुमारे ८ किलोमीटर दूर. या अंतराने शहराची पुढील वाढ घडवली.

२/६
मूळ वस्ती नदीमुळे रुजली. जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापर्यंतचे थर आढळले. पाणी, काठावरचा उंचवटा आणि पुढे तीर्थमाहात्म्य, या बळावर गावठाण वाढले.

३/६
१८६५ मध्ये थळ घाटातील रेल्वेमार्ग खुला झाला. गाडी नाशिकच्या वेशीपर्यंत आली नाही. स्थानक आणि शहर जोडण्यासाठी १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम धावू लागली.

४/६
स्थानकाभोवती मात्र निराळेच नगर उभे राहिले : नाशिकरोड. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आली आणि टपाल तिकिटे छापू लागली. शेजारी देवळालीची लष्करी छावणी होतीच.

५/६
स्वातंत्र्यानंतर सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती आल्या. कामगारांच्या निवाऱ्यासाठी सिडकोने नवीन नाशिक वसवले. शहर एकाच गाभ्याभोवती नव्हे, तर अनेक केंद्रांभोवती वाढते, असा सिद्धान्त हॅरिस आणि उलमन या भूगोलतज्ज्ञांनी १९४५ मध्ये मांडला होता. नाशिक हे त्याचे ठळक उदाहरण होय.

६/६
१९८२ मध्ये महानगरपालिकेने ही केंद्रे आणि भोवतालची गावे एका हद्दीत आणली. मधल्या शिवारांचे भूखंड झाले. शेती गेली, गावांची नावे उपनगरांना उरली. शहराच्या वाढीचे मोल या शिवारांनी चुकवले.