पन्नालाल घोष आणि सातवं भोक

मंडळी, कृष्णाच्या हातात बासरी आपण केव्हापासून बघतोय! पण ख्यालाच्या मैफलीत तिला मानाचं पान मिळवून दिलं ते पन्नालाल घोष यांनी. जन्म १९११, पूर्व बंगालातलं बारिसाल. वडील सतारिये, बासरीचं घराणं मात्र मागे नव्हतं.

अडचण काय होती? बासरी आखूड, आवाज चढा. दरबारीसारखा राग तिच्यावर मंद्रात उतरवणार कसा? यांनी जाडसर, सुमारे बत्तीस इंची बांबू घेतला. बरं, सहा भोकं झाकली की मंद्र पंचम. त्याखाली वाट बंद. म्हणून करंगळीसाठी सातवं भोक, तिथून तीव्र मध्यम. ऐकायला सोपं वाटतं, पण बोटं किती ताणावी लागतात, दम किती लागतो, ते वाजवणाऱ्यालाच विचारा. पन्नालाल व्यायामाचे शौकीन होते, ते कामी आलं असणार.

१९४० मध्ये मुंबईला आले, चित्रपटांना संगीत दिलं, नाव झालं. आणि १९४७ मध्ये, पस्तिशी ओलांडल्यावर, अल्लाउद्दीन खाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून बसले! मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. पुढे दिल्ली, आकाशवाणीचा वाद्यवृंद. १९६० च्या एप्रिलमध्ये गेले, पन्नाशीही झाली नव्हती.

विद्या तिथेच थांबली असती. पण जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ती शिकवली. त्यांचे शिष्य आपल्या पुण्याचे केशव गिंडे. त्यांनी बासरीचा पल्ला आणखी वाढवायला ‘केशव वेणू’ घडवली.