पंप-ॲक्शन बंदुकीत काडतूस का अडकते?

मराठवाड्यातील शेतवस्त्यांवर परवान्याची बारा बोअर बंदूक बाळगणे नवे नाही. जालना जिल्ह्यातही १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार जिल्हादंडाधिकारी असे परवाने देतात. जुन्या वळणाची दुनळी मधोमध मोडून हाताने भरली जाते. त्यामुळे तिच्यात काडतूस अडकण्याचे प्रसंग कमी. पंप-ॲक्शन बंदुकीत मात्र हे काम यंत्रणा करते.

या बंदुकीच्या मुख्य नळीखाली दुसरी नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक बसतात व स्प्रिंग त्यांना मागे रेटते. पुढची सरकती मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस उचलपट्टीवर येते. मूठ पुढे ढकलताच ते नळीच्या घरात बसते.

अडथळ्याचे सर्वांत नेहमीचे कारण वापरणाऱ्याच्या हातात असते. मूठ अर्धवट ओढल्यास जुने काडतूस पूर्ण निघत नाही, नवे वर येत नाही. काडतूस खालच्या नळीतून येतच नसेल, तर स्प्रिंग थकलेली, नळी पिचलेली किंवा आत धूळ व वाळलेले तेल साचलेले असते. एकदम दोन काडतुसे आली, तर त्यांना रोखणारा खटका झिजलेला किंवा मळलेला असतो. रिकामे काडतूस घरातच चिकटत असेल, तर घरातील गंज व ते ओढणारी आकडी तपासावी लागते. उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा या दोन्हींचा येथे संबंध येतो. निवडणूक काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावर साफसफाई करणे म्हणूनच इष्ट ठरते.

काडतूसही दोषी असू शकते. ओलीने फुगलेले किंवा कड वाकलेले काडतूस वापरू नये. लांबीबाबत मोठी गफलत होते. ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या घरात सहज बसते, कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. बार उडताच त्याचे तोंड उघडण्यास जागा उरत नाही व दाब धोकादायक वाढतो. वीस बोअरचे काडतूस तर बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकते. त्यामागून दुसरा बार काढल्यास नळी फुटते.

बंदूक अडकल्यास नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे, चापावरून बोट काढावे व सुरक्षा खटका लावावा. चाप ओढूनही बार उडाला नसेल, तर किमान अर्धा मिनिट तशीच धरून ठेवावी. बार उशिरा उडू शकतो. अडकलेले काडतूस अणकुचीदार वस्तूने उचकटू नये. वरचे घर रिकामे दिसले म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे; खालच्या नळीतील काडतूस मुठीच्या एका हालचालीने वर येते. म्हणून दोन्ही जागा डोळ्यांनी पाहाव्यात व बोटाने चाचपाव्यात. तपासणी नकली काडतुसांनीच करावी.

साफसफाई घरी करता येते. खटका, आकडी किंवा उचलपट्टीची दुरुस्ती मात्र परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावी. विनापरवाना दुरुस्तीचा व्यवसाय कायद्याने गुन्हा आहे.