मेयर कोर्ट (ओहायो)

अमेरिकेतील ओहायो राज्यात २०० पेक्षा अधिक लोकवस्तीच्या छोट्या गावांना स्थापता येणारे न्यायालय. वाहतूक नियमभंग व किरकोळ गुन्हे येथे चालतात. ज्यूरी नसते. निवाडा देणारा मेयर वकील असावा अशी अट नाही. प्रशिक्षण मात्र सक्तीचे. त्याला वकील दंडाधिकारी नेमता येतो, आणि तेच अधिक इष्ट. खरी अडचण पैशाच्या हितसंबंधाची. नॉर्थ कॉलेज हिल येथील दारूबंदीच्या खटल्यात आरोपी दोषी ठरला तरच मेयरला १२ डॉलर मिळणार होते; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ही शिक्षा रद्द केली. ओहायोतीलच मनरोव्हिल गावाच्या प्रकरणात (१९७२) दंडाचा पैसा मेयरच्या खिशात नव्हे, गावाच्या तिजोरीत जात होता. तरीही तटस्थतेला बाध येतो, असेच ठरले. अपिलात खटला नव्याने चालतो, ही सबब न्यायालयाने मानली नाही.